सरांनी पॉइंट कधीच दिला नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर आमच्या सरांच्या निधनाची चार ओळींची बातमी आली. सेवानिवृत्त प्राध्यापक, भूगर्भशास्त्र विभाग, वय ७८, पश्चात पत्नी, दोन मुली, जावई, नातवंडे असा परिवार. बातमीत चूक काही नाही आणि तक्रार करायला हे पत्र लिहीत नाहीये, चार ओळींत एवढंच बसतं. पण त्या बातमीचा फोटो आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला आणि एरवी नुसते गुड मॉर्निंगचे फुलं टाकणारे लोक रात्री एक वाजेपर्यंत काय काय लिहीत बसले, ते वाचून वाटलं की यातलं थोडं पेपरलाही पाठवावं. लांबलं तर कापा, हरकत नाही.

सरांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सत्काराला बोलावलं की नेमकी त्याच दिवशी त्यांची फील्ड निघायची, असा माणूस. लातूर-धाराशिव भागातल्या ज्यांना कळायचं त्यांना दोन वाक्यांत कळेलच.

आमच्या वेळी बी.एस्सी.ला हा विषय कुणी हौसेनं घेत नव्हतं. केमिस्ट्रीच्या सीटा भरल्या की उरलेली पोरं इकडं ढकलायचे, मीही तसाच ढकललेला. पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी पुस्तक काढूच दिलं नाही. हॉस्टेलचं बांधकाम चालू होतं, तिथल्या ढिगातनं प्रत्येकानं एकेक दगड उचलून आणायचा आणि समोर ठेवून त्यात काय दिसतं ते लिहायचं. एका हुशारानं लगेच "बेसाल्ट" (आपला काळा पाषाण) लिहिलं. सर म्हणाले, ते नाव तू ऐकलंयस, दिसतंय काय ते लिही. मग तासभर आम्ही दगडाकडं बघत बसलो, हसू येत होतं खरं तर. माझ्या दगडाला भोकं होती, बारकी बारकी, आणि काही भोकांत पांढरं काहीतरी भरलेलं. सरांनी भिंग दिलं, मग ड्रॉपरनं त्या पांढऱ्यावर पातळ अ‍ॅसिडचा एक थेंब टाकला. फेस आला नाही. शेजारच्या पोराच्या दगडावर टाकला, तिथं फसफसलं. त्याचं कॅल्साइट, माझं झिओलाइट, दोन वेगळी खनिजं. मग म्हणाले, भोकं म्हणजे लाव्हा थंड होताना अडकलेले वाफेचे बुडबुडे, पण पांढरं लाव्ह्याबरोबर आलेलं नाही, ते मागनं भरलंय. कशानं भरलं असेल? कुणी बोलेना. पाण्यानं, म्हणाले. या दगडातनं कधीतरी पाणी फिरलंय, जाताना हे ठेवून गेलंय.

पुढं तीन वर्षं जे काही शिकलो ते असंच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर, आज उरलेलं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, सह्याद्रीकडं थप्पी किलोमीटरभराहून जाड आणि आपल्याकडं येता येता पातळ होत गेलेली, हे सगळं पुस्तकात होतंच. पण सर ते दाखवायला आम्हाला विहिरीत उतरवायचे. खरंच उतरवायचे. उन्हाळ्यात विहिरी खाली गेल्या की पायऱ्या असलेली विहीर बघायची, मालकाला रामराम घालायचा आणि खाली. वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मऊ मांजऱ्या, मग कडक काळा पाषाण, मध्येच कुठंतरी हातभर जाडीचा लाल गेरूसारखा पट्टा. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात वरचा दगड कुजून तयार झालेली ही माती, पुढचा लाव्हा आला तेव्हा त्याच्याखाली भाजली गेलेली. बांधावर बसलेला मालक विचारायचा, "काय बघायलात सर?" सर म्हणायचे, भिंत बघतोय. मालकाला वाटायचं गुरुजी पाणी बघायला आलेत आणि लपवायलेत.

आता किल्लारीच्या भूकंपाचं लिहितो, कारण ग्रुपवर सगळ्यात जास्त त्याच्यावरच लिहिलं गेलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून गावं झोपली होती. आम्ही सेकंड इयरला. पहिले काही दिवस आम्ही नुसती पोती उतरवली, पाणी वाटलं, बाकी जे बघितलं ते इथं लिहीत नाही. नंतर मात्र अफवांचं पेव फुटलं. जमिनीतनं धूर निघतोय, ज्वालामुखी फुटणार, अमुक तारखेला याच्याहून मोठा धक्का आहे, अमेरिकेनं सांगितलंय. शहरातसुद्धा लोक मैदानात झोपायचे. गावोगावचे लोक सरांना गाठायचे कारण भूगर्भाचा माणूस म्हणून जवळपास तेवढे एकच माहीत. सर एसटी स्टँडच्या कट्ट्यावर उभे राहून सांगायचे, ज्वालामुखी वगैरे काही होत नाही, तो विषय साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला. लहान धक्के अजून बसत राहतील. मोठा कधी, ते सांगता येत नाही, मलाच नाही, जगात कुणालाच सांगता येत नाही, तारीख सांगणारा खोटं बोलायलाय. एक म्हातारबाबा भडकले, म्हणाले मग तुमच्या शिक्षणाचा उपयोग काय मास्तर? सरांनी त्यांना हाताला धरून पडलेल्या घरापाशी नेलं. दोन-अडीच फुटी दगडी भिंत, आतबाहेर दोन वेगळे थर, मध्ये चिखल, दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड एकही नाही, वर माळवदाची माती, दरवर्षी गळतं म्हणून अजून टाकलेली. नव्या घरात भिंतीत असा बांधणारा आरपार दगड घाला आणि वर माती नको, एवढं मला नक्की सांगता येतं, म्हणाले. बाबा काही बोलले नाहीत. पण नंतर मी बघितलं, सर गेले तरी ते तिथंच उभे राहून भिंत हातानं चाचपत होते.

आमच्या डिपार्टमेंटच्या भिंतीवर भारताचा भूकंपाचा नकाशा होता, त्यात आपला भाग सगळ्यात सुरक्षित, झोन एकमध्ये. खरं तर आदल्या वर्षी ऑक्टोबरपासूनच किल्लारीला धक्के बसत होते, सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावरनं पुढचं कुणाला सांगता आलं नाही. पुढं २००२ साली नकाशा बदलला, झोन एक हा प्रकारच काढून टाकला आणि किल्लारी झोन तीनमध्ये आलं. सरांनी नवा नकाशा आणून लावला पण जुना काढू दिला नाही. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना दोन्ही दाखवायचे आणि जुन्यावर बोट ठेवून म्हणायचे, हे आमचं २९ सप्टेंबरचं ज्ञान.

एवढं सगळं असूनही लोकांना त्यांच्याकडनं एकच गोष्ट हवी असायची. पाणी. मार्च लागला की घरापुढं जीप उभी. "सर, तेवढा पॉइंट काढून द्या की." पॉइंट म्हणजे बोअर कुठं मारायचा ती जागा. पाकीट सोबत. आमच्याकडं पाणी बघणारे पाणाड्ये गावोगाव आहेत, कुणी तळहातावर नारळ उभा करून चालतो, कुणी उंबराची दुबेळकी धरतो, पायाळू असला तर विचारूच नका. त्यांच्यापेक्षा कॉलेजातला माणूस म्हणजे अजून मोठा पाणाड्या अशी लोकांची समजूत. सरांनी पॉइंट कधीच दिला नाही. पाकिटाला तर हातच लावायचे नाहीत, काकू चहा द्यायच्या आणि सर समजावत बसायचे की बाबांनो खाली नदी वाहत नाही, झरा बिरा काही नसतो, आपल्या पाषाणात पाणी असतं ते फटींत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात, फट कुठं आहे ते वरनं शंभर टक्के कुणालाच दिसत नाही, पाणी शोधायच्या मशिनलाही नाही. तुमच्या ओढ्याकडच्या पट्टीत चान्स बरा, त्या वरच्या माळावर पैसे घालू नका. एवढंच. लोक नाराज होऊन जायचे. कित्येक जण तिथनं थेट पाणाड्याकडं गेलेत, मला माहीत आहेत.

पण पाणाड्यांची त्यांनी कधी टिंगल केली नाही, हे मला अजून नवल वाटतं. अंधश्रद्धा म्हणून भाषण ठोकणं सोपं होतं. सर काय करायचे, तर बोअर मारताना जमेल तिथं जाऊन उभे राहायचे आणि रजिस्टरला लिहायचे: गाव, गट नंबर, पॉइंट कुणी दिला, किती फूट, केसिंग किती, पाणी कुठं लागलं, किती इंच, का फेल. स्वतःच्या विद्यार्थ्यांनी मशिन लावून बघितलेले पॉइंटही त्याच रजिस्टरला, तोच रकाना. एक नावाजलेला पाणाड्या सरांच्या चांगला ओळखीचा झाला होता, तो म्हणायचा माझे सगळे लागतात. सर शांतपणे रजिस्टर उघडायचे. लागलेल्या बोअरवर माणूस नारळ फोडतो, गावजेवण घालतो, फेल गेलेल्यावर दगड ठेवतो आणि विसरतो, पाणाड्याही विसरतो आणि मालकही. शेवटी शेवटी तो पाणाड्याच फेल गेलेले बोअर येऊन सांगायला लागला होता, "लिवून घ्या सर."

ज्यांनी रात्रीचं बोअर मारताना बघितलेलं नाही त्यांना सांगतो. तमिळनाडू पासिंगच्या दोन गाड्या येतात, एकीवर मशिन, एकीवर कॉम्प्रेसर आणि रॉड. फुटाचा रेट ठरलेला, खोल जाल तसा वाढता. लाइट लावून सगळं घर रानात येऊन बसतं, म्हातारी, लेकरं, सोयरे. दोनशे फूट गेलं, नुसता पांढरा फुफाटा. तीनशे गेलं, फुफाटा. एजंट म्हणतो अजून शंभर जाऊ, शेजारच्याला साडेचारशेला लागलंय. मालकाचं तोंड बघवत नाही, आतापर्यंत घातलेले पैसे सोडवत नाहीत आणि पुढचे हातात नाहीत. अशा वेळी सर पलीकडं उकिडवे बसून घरनं आणलेल्या चहाच्या चाळणीत बोअरचा चुरा धूत असायचे (काकूंच्या किती चाळण्या अशा गेल्या त्याला हिशोब नाही, शेवटी त्यांनी चहा फडक्यानं गाळायला सुरुवात केली होती). ओला चुरा बॅटरीच्या उजेडात तळहातावर पसरून बघायचे. लाल आला का, भोकाचा आला का, की सलग काळाच येतोय. आणि सलग काळाच येत असला तर उठून मालकाजवळ जाऊन हळू सांगायचे, थांबा आता. एजंट शिव्या घालायचा. पुढं गेलं असतं तर पाणी लागलं नसतंच असं सर कधी म्हणाले नाहीत, विचारलं तर म्हणायचे लागलंही असतं, पण चान्स कमी आणि तुमच्याजवळ पैसे त्याहून कमी. आमच्या भागात त्या थांबा म्हणण्यानं वाचलेली घरं आहेत, ती सरांच्या अंत्ययात्रेला आली होती.

आता कायदा आहे, शेतीसाठी ६० मीटरच्या खाली, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली बोअर घ्यायचा नाही. कायदा चांगला आहे. माझ्या दुकानात दोनशे फुटाची केबल कुणी मागत नाही, यावरनं काय ते समजा.

हो, माझं दुकान सबमर्सिबल मोटारींचं आहे. बी.एस्सी. झाल्यावर एम.एस्सी.ला पुण्याला जायचं ठरलं होतं, वडील आजारी पडले, राहिलं. सरांना तोंड दाखवायची लाज वाटायची. दुकानाच्या उद्घाटनाला बोलावलं नव्हतं तरी सर आले, पेढा खाल्ला, आणि एक जुना लोखंडी टेप दिला, टोकाला शिशाचं वजन बांधलेला, विहिरीतलं पाणी मोजायचा. म्हणाले, तुझ्याकडं आता रोज माझ्यापेक्षा जास्त माहिती येणार. मला आधी कळलंच नाही. मग दर महिन्याला चक्कर मारून गिऱ्हाइकांना विचारायला लागले, मोटार किती फुटावर सोडली होती? आता किती सोडताय? मी बिलबुकात एक रकाना वाढवला. सुरुवातीच्या बिलांत दीडशे, एकशेऐंशी दिसतात. आताच्या बिलांत साडेचारशे, पाचशे, सहाशे. माणूस तोच, रान तेच, कधी कधी मोटारसुद्धा तीच, पाइप तेवढे वाढलेत. माझा धंदा त्यावरच चालतो हे सरांना माहीत होतं, त्यावरनं ते मला कधी बोलले नाहीत, पण रकाना भरलाय का ते बघायचे.

२०१६ च्या एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा सर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. सगळी टीव्हीवाली मंडळी स्टेशनवर, लोक वॅगनसोबत सेल्फी काढायलेत. सर माझ्या दुकानात आले, बिलाच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. पहिल्या गाडीत दहा वॅगन, पाच लाख लिटर. एका हेक्टरवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर. म्हणजे साडेबारा एकर रानावर एक बऱ्यापैकी सर येऊन गेली की ही अख्खी गाडी. आणि आपल्याकडं बऱ्या वर्षी सातशे-आठशे मिलिमीटर पडतो. आता त्यातलं सगळं काही मुरत नाही, बरंचसं वाहून जातं, उडून जातं, आपल्या दगडात जाणारा वाटा थोडाच, हेही त्याच कागदावर लिहिलं, नाहीतर लोक म्हणतील मास्तर काहीही सांगायलाय. तो कागद मी काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. उसाचं नाव मात्र त्यांनी गावातल्या सभेत काढलं की माणसं तंबाखू थुंकायला म्हणून उठायची ती परत यायची नाहीत.

सर आदर्श बिदर्श नव्हते, तसं लिहिलं तर आमचीच बॅच मला हसेल. सिलॅबस कधी पूर्ण झाला नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानातनं दुसऱ्या कॉलेजच्या नोट्स आणून आम्ही पास झालो. अक्षर असं की स्वतःचं लिहिलेलं पुढच्या आठवड्यात स्वतःला लागायचं नाही. पीएचडी केली नाही, सुरू केली होती म्हणतात, त्यामुळं पुढचं प्रमोशन नाही, आणि त्याचं त्यांना वाईट वाटायचं, वाटायचं नाही असं म्हणणारे त्यांना ओळखत नव्हते. घरात बसायला जागा नाही, खुर्च्यांवर दगड. काकूंनी एकदा कुरडया वाळत घातल्या होत्या तिथं सरांनी मुरूम वाळत घातला, तो किस्सा काकू अजून सांगतात, परवाही सांगितला, सगळे रडता रडता हसले.

पण माणसं किती तयार केली बघा. आमच्यातला एक भूजल सर्वेक्षण यंत्रणेत आहे, एक कोळशाच्या खाणीवर नागपूरकडं, एक जण तेलवाल्या कंपनीत गेला, चार-पाच मास्तर झाले, एक गावचा सरपंच झाला आणि त्यानं गावात नवा बोअर बंद करून दाखवला, दोन वर्षं का होईना. आम्हा सगळ्यांना एक खोड लागलीय. कुणी फार ठामपणे काही सांगायला लागला की आम्ही विचारतो, तुला कसं माहीत? बायका वैतागतात.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहिलं ते. सर रिटायर झाल्यावर त्यांची जागा भरलीच नाही. काही वर्षं तासिका तत्त्वावर एक एक जण आला, तासाला मिळणाऱ्या पैशात कोण टिकणार, मग पोरं कमी म्हणून विषयच बंद झाला. रंगरंगोटी काढली तेव्हा डिपार्टमेंटचे दगड, फॉसिल, काचेच्या स्लाइडी, सगळं पोत्यात भरून जिन्याखाली टाकलं. कॉलेजचं नाव घेऊन मला कुणाला दुखवायचं नाही, अनेक ठिकाणी हेच झालंय. फक्त ज्या भागात किल्लारी झालं, ज्या भागाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या पोरानं पायाखाली काय आहे ते शिकायचं म्हटलं तर त्याला बहुतेक वेळा छत्रपती संभाजीनगर नाहीतर नांदेड नाहीतर पुणे गाठावं लागतं, हे तुमच्या पेपरानं एकदा नीट लिहावं अशी विनंती आहे.

दुसरं, सरांची रजिस्टरं. विहिरींतल्या पाण्याची मे आणि ऑक्टोबरची मोजमापं, बोअरच्या नोंदी, कित्येक वर्षांच्या. त्यातली बरीचशी काकूंकडं लोखंडी पेटीत आहेत, मी बघितली, कडा वाळवीनं खाल्ल्यात पण आकडे वाचता येतात. पण मधल्या काही वर्षांची नाहीत. सर पोरांना घरी न्यायला द्यायचे, फेअर करून आण म्हणायचे, ती कुणाकुणाच्या माळ्यावर राहिलीत. १९८५ ते २००५ मधल्या कुठल्याही बॅचच्या विद्यार्थ्याकडं अशी लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही असेल तर कृपया रद्दीत घालू नका. फील्ड डायरी असली तरी चालेल, पानं फाटली असली तरी चालेल. आम्ही काही जण मिळून ती स्कॅन करायला घेतोय, भूजलवाल्या मित्रानं कॉम्प्युटरवर चढवून द्यायचं कबूल केलंय. आधी बॅचच्या ग्रुपवर कळवा, ग्रुपवर नसाल तर वही या पेपरच्या ऑफिसात संपादकांकडं ठेवली तरी मी येऊन घेऊन जाईन, त्याला संपादकांची हरकत नसावी असं गृहीत धरतो. विहिरीचा गट नंबर वाचता येत नसेल तर मालकाचं नाव तेवढं विचारून लिहून आणा, बाकीचं आम्ही शोधून काढू.

कळावे,
आपला,
एक माजी विद्यार्थी व मोटार दुकानदार,
लातूर जिल्हा